कपाटातल्या बंदुकीला कमी हात लावा

नोकरीभर मी पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर होतो. हत्यारं उघडायची, पुसायची, घासलेला पार्ट बदलायचा, परत जोडायची. आता निवृत्त होऊन नागपूरच्या मानेवाड्यात राहतो आणि ओळखीत ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांचे अधूनमधून फोन येतात. कोणाकडे काटोलच्या शेतासाठी पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअर, कोणाकडे धंद्यामुळे घेतलेलं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, कोणाकडे महाल भागातल्या जुन्या वाड्यातून आलेली आजोबांची दुनळी. विचारणं बहुतेकांचं एकच असतं, "काका, साफ कशी करायची?" मी उलट विचारतो, "काहून साफ करता? चालवली का?" चालवलेली नसते. दिवाळीची सफाई निघाली, कपाट उघडलं, ती हाती आली, एवढंच.

घरातले अपघात याच वेळी होतात. ठेवताना, काढताना, पुसताना, मेव्हण्याला दाखवताना, एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवताना. 1 ऑक्टोबर 2024 ला मुंबईत अभिनेता गोविंदाच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. पहाटेची वेळ, प्रवासाला निघायची तयारी, हत्यार कपाटात ठेवताना हातातून सुटलं आणि गोळी सुटली, असं तेव्हा सांगण्यात आलं. भांडण नाही, चोर नाही, नेम धरणं नाही. म्हणून माझा पहिला सल्ला सफाईचा नसतोच. वर्षातून किती वेळा ती बंदूक हातात येते ते मोजा आणि निम्म्यावर आणा. पावसाळा संपल्यावर एकदा, कूलरचा हंगाम संपल्यावर एकदा, आणि चालवली तर त्याच दिवशी. परवान्याचं नूतनीकरण किंवा निवडणुकीत जमा करायला सांगितलं, तर ते वेगळं. बाकी वेळी कपाट बंद.

हातात घ्यायचीच असेल तेव्हा

खोलीत दुसरं कोणी नको. मुलं नकोत, कुत्रं नको, टीव्ही बंद, मोबाइल बाहेर. दारू प्यायला असाल तर आजचा बेत रद्द, त्यात चर्चा नाही. मग काडतुसं दुसऱ्या खोलीत आहेत याची खात्री करा. साफ करायच्या टेबलावर एकही काडतूस नसावं, कारण सफाई झाल्यावर "बघू बरोबर बसतं का" असं म्हणून एखादं आत सरकवायची खोड भल्याभल्यांना असते.

बोट चापावर (ट्रिगरवर) नको, चापाच्या कडीबाहेर सरळ, लोखंडाला टेकवून. लोक मान हलवतात आणि पुढच्याच मिनिटाला बोट आत असतं. याचं कारण हाताच्या रचनेत आहे. पाय अडखळला, दचकलो, किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट धरलं की या हाताची बोटंही आपोआप आवळली जातात. तुमच्या इच्छेचा त्यात काही भाग नसतो. बोट बाहेर असेल तर मूठ आवळली जाते, चाप ओढला जात नाही.

नळीचं तोंड कुठे धरायचं हा फ्लॅटवाल्यांचा खरा प्रश्न आहे. बेसा, मनीषनगरकडच्या इमारतीत खाली कोणी, वर कोणी, शेजारी कोणी. मधली भिंत कधी चार इंची वीट, कधी नुसतं प्लायवूडचं पार्टिशन, आणि ते पार्टिशन गोळीला अडवत नाही. जमिनीकडे धरली तर टाइल किंवा कोटा फरशीवरून गोळी उलटून येऊ शकते. म्हणून मी रंगाची रिकामी वीस लिटरची बादली घ्यायला सांगतो. काठोकाठ कोरडी वाळू भरा, कन्हानची असली तर फारच छान, आणि हत्यार उघडताना, रिकामं करताना तोंड त्या वाळूकडे ठेवा. शस्त्रागारात यासाठी वेगळी जागा केलेली असते, घरी ही बादली. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, बारा बोअर यांना ती चालते. 315 च्या रायफलीला तिचा भरवसा धरू नका. रायफल शेतावरच, धुऱ्यावरून (बांधावरून) मातीकडे तोंड करून रिकामी करायची आणि रिकामीच घरी आणायची.

"रिकामी आहे काका, मीच ठेवली होती." हे वाक्य मी ऐकून घेतो आणि तरीही उघडायला लावतो. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, आमची रीत अशी की देणारा हत्यार उघडं करून दाखवतो, घेणारा स्वतः आत बघतो, बोट घालतो, आणि मगच हात बदलतो. समोर वरिष्ठ अधिकारी असला तरी. घरी बापलेकांत हे करायला लाज वाटते. पण ज्याने उघडून दाखवलं नाही त्याच्या हातातून बंदूक घ्यायची नाही, एवढा हट्ट धरायला हरकत नाही.

प्रत्येक हत्याराची वेगळी खोड

रिव्हॉल्व्हर सोपं. कानपूरचं बत्तीस बोअर मधून मोडतं, म्हणजे बिजागरीवर वाकून उघडतं. मोडलं की आतली चांदणी सहाही काडतुसं वर उचलते. सावकाश मोडलं तर एखादं घसरून परत आत बसतं, म्हणून पूर्ण मोडा आणि सहा भोकांतून पलीकडचा उजेड सहा वेळा बघा. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक धोका असतो. काहींत घोड्याची, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या हातोडीची, चोच थेट काडतुसाच्या टोपीवर, बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागावर, टेकलेली असते, मधे अडवणारा पार्ट नसतो किंवा झिजून गेलेला असतो. असं हत्यार घोड्यावर पडलं की चाप न ओढताही उडतं. म्हणून घरात ते भरलेलं ठेवायचंच नाही. आणि हातातून सुटलं तर सुटू द्या, हवेत झेलायला जाऊ नका. झेलताना पहिलं बोट चापावरच जातं.

पिस्तुलात जास्त लोक फसतात, आणि तेही शिकलेले. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं त्यांना वाटतं. एक गोळी चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला बसलेली असते. ती मॅगझिनबरोबर येत नाही. काही पिस्तुलं मॅगझिन काढल्यावर चाप अडवतात, बरीच अडवत नाहीत. दुसरी चूक क्रमाची. आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, ओढली, चेंबरमधली गोळी बाहेर पडली, समाधान झालं, मग मॅगझिन काढलं. स्लाइड पुढे जाताना तिने मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये नेऊन बसवलेली असते. म्हणून क्रम पाठ करा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड दोनतीनदा जोरात मागे, मग ती मागेच अडकवून आत बघा, आणि शेवटी करंगळी घालून चाचपा. रात्री लाइट गेली तरी करंगळी खोटं बोलत नाही.

स्लाइड ओढताना बाहेर पडणारी गोळी झेलायला, ती जिथून पडते त्या खाचेवर तळहात धरायची सवय काहींना असते. सोडा ती. गोळी हातात अडकून तिची टोपी लोखंडाच्या टोकावर आपटली तर ती हातातच फुटू शकते. पडू द्या खाली, नंतर उचला. काही पिस्तुलं सफाईसाठी सुटी करताना चाप ओढावाच लागतो, तिथे वरची सगळी तपासणी दोनदा.

दुनळी मोडली की दोन नळ्या समोर दिसतात, लपवण्यासारखं काही नसतं. तिची अडचण बाहेरच्या घोड्यांची. घोडा चढलेला दिसला की लोकांचा अंगठा आधी त्याच्याकडे जातो. मे महिन्यात घामेजलेला अंगठा घसरला की नळी उडाली. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून आधी दुनळी मोडा, काडतुसं काढा, घोडे मग उतरवा. बिनघोड्याच्या दुनळीत सेफ्टीची कळ असते आणि लोक तिच्या जिवावर निर्धास्त असतात. बऱ्याच बंदुकांत ती कळ फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच असतो, तो ज्या खाचेवर अडलाय ती झिजली असेल तर आपटल्यावर सुटतो. सेफ्टी लावा, पण तिच्यावर झोपू नका.

शेतावरून येणाऱ्यांना आणखी एक. रात्रभर जागल करून पहाटे माणूस घरी येतो, डोळे मिटत असतात, बंदूक दाराच्या मागे टेकवतो आणि आडवा होतो. नळीत दोन काडतुसं तशीच. सकाळी झाडू मारणारीचा हात लागतो, ती घसरते. उमरेड-भिवापूरकडच्या मंडळींना मी सांगतो, राजेहो, धुऱ्यावरच रिकामी करा, मोडलेली दुनळी हातावर टाकूनच आवारात या. तारेचं कुंपण ओलांडताना, मचाणीवर चढताना, जीपमधून काढतानाही तीच गोष्ट. भरलेली बंदूक नळीला धरून स्वतःकडे ओढायची नाही. चाप कशात तरी अडकतो आणि तोंड पोटाकडे असतं.

भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक अजून काही गावांत आहे. ती मोडता येत नाही, आत बघता येत नाही, म्हणून भरलेली की रिकामी हे कळायला एक जुनी युक्ती आहे. बंदूक नक्की रिकामी असेल तेव्हा गज नळीत तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी गजावर खूण करा. पुढे केव्हाही गज सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, की आत दारू आहे. "मागच्या वर्षीची दारू, सादळली असेल" यावर विसंबू नका, काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनी तितकीच जिवंत असते. भरलेली सापडली तर आधी टोपी काढा, बिडी आणि चूल लांब ठेवा, खरवडायला जाऊ नका. परवानाधारक बंदूकवाल्याला विचारूनच पुढचं करा.

काडतूस उडालं नाही तर हत्यार लगेच उघडू नका. ठिणगी पडून दारू उशिरा पेटण्याचा संभव असतो. तोंड तसंच समोर, किमान तीस सेकंद. भरमारीला त्याहून बरंच जास्त.

नागपूरचा उन्हाळा, कूलर आणि खोबरेल

आपल्याकडे एप्रिल ते जून घराघरांत कूलर चालतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि कोरडं ठाक, आत दमट. त्या खोलीतल्या लोखंडी कपाटात बंदूक असेल तर पावसाळ्याआधीच गंज धरतो. चामड्याच्या कव्हरात ठेवली असेल तर अजून लवकर, कारण चामडं ओल धरून ठेवतं. कव्हर आणण्या-नेण्यापुरतं, ठेवताना उघडी, हलका तेलाचा हात देऊन, बाजूला सिलिका जेलच्या पुड्या. बारा बोअरची जुनी कागदी काडतुसं दमट हवेत फुगतात, आत जातात आणि बाहेर निघत नाहीत. अडकलेलं काडतूस सळईने ठोकून काढायला जाऊ नका. दुनळी मोडलेलीच ठेवून बंदूकवाल्याला फोन करा. पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर काडतुसं ठेवू नका, गाडीच्या डिक्कीत तर नाहीच.

तेलाबद्दल थोडं, कारण हे मी फार वेळा पाहिलं आहे. घरात असतं म्हणून लोक खोबरेल लावतात. डिसेंबरात आपल्याकडे ते बाटलीतच थिजतं, मग बंदुकीत काय होत असेल! कालांतराने त्याचा चिकट थर होतो, धूळ धरतो, चाप जड होतो, आणि कधी मारणारी सुई पुढे आलेल्या जागीच अडकून राहते. तशा बंदुकीत काडतूस घालून ती बंद केली की बंद होतानाच उडते. बंदुकीचं पातळ तेल घ्या, तेही थेंबभर. पुलथ्रूला, म्हणजे नळी पुसायच्या दोरीला, चिंदी लावून मागून पुढे ओढा, दोनतीन कोऱ्या चिंद्या, मग एक तेलाची. खुल्या भागांवर हात फिरवा, संपलं. स्प्रिंगा, स्क्रू, चापाची जुळणी यांना घरी हात लावायचा नाही. "चाप थोडा हलका करून द्या ना" असं मला सांगणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो.

कपाट आणि किल्ली

बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या दुसऱ्या कुलपात. कपाट भिंतीला बोल्टने पक्कं केलेलं. चापाला कुलूप लावायचं तर रिकाम्या हत्यारालाच, भरलेल्याला लावताना तेच कुलूप चाप दाबू शकतं. नळीतून किंवा मॅगझिनच्या जागेतून जाणारी तारेची साखळी मला जास्त आवडते, ती लागलेली असताना गोळी आत बसतच नाही. उशीखाली, दिवाणात, देवघराच्या मागे यातलं काहीही जागा नाही.

किल्ली परवान्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या अंगावर. देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवलेली किल्ली घरातल्या सगळ्यात लहान पोरालाही माहीत असते, फक्त आईबापांना वाटतं की नाही. एका घरी सून मला म्हणाली, "मले तर तिले हातही लावायचा नाही, पण ती रिकामी हाय की भरेल, एवढं तरी कोणी सांगा." तिचं बरोबर होतं. चालवायला शिकवायची गरज नाही, पण घरातल्या मोठ्या माणसांना बंदूक कुठे आहे, कशी ठेवली आहे आणि सापडली तर हात न लावता कोणाला सांगायचं, हे माहीत हवं.

लहान मुलांचं वेगळं आहे. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल हातात घेऊन ती चाप ओढायला आपल्या आधी शिकतात. खरं हत्यार जड असतं, एका बोटाने चाप येत नाही, म्हणून मूल ते उलटं धरतं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप ढकलतं. तेव्हा नळी त्याच्याच तोंडाकडे असते. "हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं, मोठ्यांना सांगायचं" हे मुलांना जरूर शिकवा, मात्र त्यांच्या आज्ञाधारकपणावर कुलूप काढून ठेवू नका.

आणि घरात कोणी खचलेलं असेल, कर्ज असो, आजार असो, घरचं भांडण असो, दारू वाढलेली असो, तर कपाटाचं कुलूप पुरत नाही. बंदूक घराबाहेर जाऊ द्या. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे हत्यार जमा करायची सोय आहे. लोकांना वाटतं असं केलं की बोभाटा होईल. तसं काही होत नाही, बाहेरगावी जातानाही लोक जमा करतात. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा फोन नंबर आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

गोळी सुटलीच तर

हत्यार वाळूकडे किंवा रिकाम्या भिंतीकडे तोंड करून खाली ठेवा आणि आधी माणूस बघा. आपल्या खोलीतलाच नाही, भिंतीपलीकडचा, खालच्या मजल्यावरचाही. लागलं असेल तर 108 ला फोन. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. हातापायाची धार थांबतच नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळा आणि कधी आवळला ती वेळ लक्षात ठेवा. गोळी किंवा छर्रे काढायला जाऊ नका, पाणी पाजू नका. आत जायची जखम लहान दिसते, बाहेर पडायची पाठीमागे असू शकते, ती शोधा. रुग्णवाहिकेला उशीर होत असेल तर जवळच्या भागातून मेडिकल किंवा मेयो हे मोठे सरकारी दवाखाने गाठा, मिहानकडच्यांना एम्स जवळ. छोट्या दवाखान्यात थांबून वेळ घालवू नका.

पोलिसांना 112 वर तुम्हीच कळवा. दवाखाना कळवणारच असतो. रिकामं काडतूस, भिंतीतलं भोक, हत्यार, सगळं आहे तसं राहू द्या. पुसलेली बंदूक आणि उचललेलं काडतूस पाहून निव्वळ अपघातावरही संशय येतो. कायदा इथे मवाळ नाही हे लक्षात असू द्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने किंवा आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे काका अजून आहेत, त्यांना हे वाचून दाखवा. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

कागदांचं थोडक्यात. शहरात परवाना पोलीस आयुक्तांकडून, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. मुदत पाच वर्षं, आणि 2019 पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. वडील गेले तर त्यांची बंदूक आपोआप मुलाची होत नाही. तेरवी होईपर्यंत थांबू नका, ती जमा करा आणि मग वारसाच्या नावावर परवान्याचा अर्ज करा. अशी बंदूक नेताना तिला कोणी अनोळखी हाताने उघडायला जाऊ नये. आत काय आहे ते माहीत नसेल तर आधी ठाण्यात फोन करून माणूस बोलवा. जमा केल्यावर पावती घ्या, तिच्यावर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, आणि ती पावती परवान्याच्या पुस्तकातच ठेवा.